सोमवारची थैली

बाळा,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "काकू, बाहेरून कडी लावू का?" विसरायच्या आजारातले तुझे आबाजी बाजारातून येताना वाट चुकले, नाल्यापलीकडच्या पऱ्हाटीत सापडले, आणि तेव्हापासून त्यांना घरात कोंडून ठेवायचं यावर सगळ्यांचं एकमत झालंय. त्यात तुझ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार. तेव्हा माझा गळा दाटून आला, बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. कडी लावू नको.

धीर धर वगैरे तुला लिहीत नाही. अमरावतीची खोली सोडून, परीक्षेचा अभ्यास गुंडाळून तू त्यांच्यासाठी आलास.

मी कडी लावली होती. सव्वा वर्ष. माझी शाळेची नोकरी, घरात दुसरं कोणी नाही, आणि डॉक्टरांनीही सांगितलेलं, घरातच ठेवा. आमचे हे मुलाचं नाव विसरले होते, पण सोमवारी रस्त्यावरून बाजाराच्या बंड्या जायला लागल्या की धोतर नेसून, काखेत थैली धरून दाराआड बसत. मी शाळेतून येईपर्यंत तसेच. हळूहळू बोलणं गेलं. आधीच्या चार वर्षांत गेलं नव्हतं तेवढं त्या सव्वा वर्षात गेलं. रोगानं नेलं की कडीनं, हे मला आजवर कोणी सांगू शकलं नाही.

गाव याला म्हातारचळ म्हणतं. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार आहे. २०२३ साली आलेल्या देशभरच्या पाहणीचा अंदाज असा की साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त जणांना तो आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. मग लाज कसली? "लोक काय म्हणतील" हे तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा मला रागच आला. लोकांना सांगितलंस का तू? पानठेल्यावर, न्हाव्याला, एसटी थांब्यावर जाऊन सांग की आबाजींना विसरायचा आजार आहे, एकटे दिसले तर मला फोन करा. खिशात नाव, गाव, नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. मी उशिरा सांगितलं. त्यानंतर चक्कीवाल्यानं दोनदा यांचा हात धरून घरी आणून सोडलं, पिठाच्या हातानं.

बाहेर नेल्यानं आजार बरा होत नाही, ती आशा धरू नको. बी-१२, थायरॉइड तपासून घे, त्यांच्या कमतरतेनंही विसरणं वाढतं. कानही तपास. ऐकू येत नसलं की माणूस चारचौघांत गप्प होतो आणि आपण म्हणतो, यांना काही समजत नाही.

आणि "मला ओळखलं का?" असं कोणालाही विचारू देऊ नको. ती परीक्षा कशाला? आल्या माणसानं आपलं नाव आधी सांगावं.

दिवेलागणीला त्यांची तगमग वाढते म्हणालास. आमच्या यांचीही वाढायची. मी त्याच वेळी सामुदायिक प्रार्थनेला न्यायला लागले. तुकडोजी महाराजांची भजनं सुरू झाली की यांच्या हातात खंजिरी द्यायची. शब्द येत नव्हते, ठेका एकदाही चुकला नाही. तुझे आबाजी काय वाजवायचे, काय विणायचे, आठव.

माझी नणंद आजही म्हणते, तू मोकळं सोडलंस म्हणून भाऊ गेला. वैशाखात हे एकदा भरदुपारी निघाले, बाभळीखाली पडलेले सापडले, दोन दिवस सलाइन लागलं. गेले ते पुढच्या हिवाळ्यात, निमोनियानं. मी तिला दरवेळी तेच सांगते आणि तुलाही सांगते, एकटं जाऊ दिलं ही माझी चूक, बाहेर काढलं ही नाही. ते शेवटचे आठ महिने ते माणसांत होते. तू उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत फिरवून आण, पाणी मागण्याची वाट पाहू नको, सोबत राहा. पण कडी लावू नको.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेव आणि आबाजींना सपरीत सगळ्यांसोबत बसव. जे घर त्यांना पाहून मागं फिरेल, तिथं तुझ्या बहिणीनं जाऊच नये.

बाजारात पहिल्या खेपेला दोनच दुकानं. वांगी त्यांना निवडू दे, वेळ लागला तर लागू दे. दहा-दहाच्या चार नोटा त्यांच्या खिशात ठेव, पैसे त्यांच्या हातानं जाऊ देत. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं मी येते. थैली आबाजींच्या हातात देऊन ठेव.

तुझी काकू