म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोकणात कड्यावरून आणि वाळूवरून पायी फिरायला सोपी जागा कोणती?

तुम्ही विचारलं की दिग्रसकडून आई-वडिलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला न्यायचाय, दोघंही सत्तरीचे, गुडघ्यांचा त्रास आहे, ट्रेक नको, पण गाडीतून उतरले, फोटो काढला अन् परत बसले असंही नको. उंचावरून समुद्र दिसावा आणि थोडं वाळूवर चालता यावं. मी आर्वीकडचा, तुमच्यासारखाच विदर्भातला, घरची म्हातारी मंडळी घेऊन असंच गेलेलो आहे, म्हणून सरळ सांगतो, रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळे आणि आरे-वारे करा. पण जागा पक्की करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी पाहा. लोक सुट्टी पाहून जातात आणि तिथं पोचल्यावर कळते की चालायला वाळूच शिल्लक नाही.

आपल्याकडं धरणाचं पाणी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात उतरते, एवढंच आपल्याला माहीत. समुद्र रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या जरा वर लागतात आणि ही वेळ दररोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, कारण हा सगळा चंद्राचा कारभार आहे. म्हणून कोकणातले लोक तिथीवरून भरती काढतात, आणि हिशेब इतका सोपा आहे की तुमची आई तोंडी करेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा पण आणि रात्री पण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, त्याच्या सहा तास आधी सकाळी नऊला ओहोटी. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-एक तास इकडंतिकडं होते, मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल मिळते ते आदल्या दिवशी पाहून घ्या, पण घरी बसून तारीख ठरवायला पाऊणपट पुरते.

आता यातून काय निघते ते पाहा. तृतीया ते षष्ठी या दिवसांत ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या आसपास येते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा चहा-नाश्ता झाला, ऊन अजून चढलं नाही आणि समुद्र मागं सरकलेला. याच्यापेक्षा चांगलं काही नाही. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा दोन्ही वेळी भरती, मधी ओहोटी येते ती भर बारा वाजता, तो दिवस फिरायला बेकार. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते, पाणी सगळ्यात वर चढते आणि सगळ्यात खाली उतरते, दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी ओहोटी, म्हणजे पौर्णिमेची संध्याकाळ साधली तर एकीकडं सूर्य मावळतो, पाठीमागं चंद्र निघतो आणि पायाखाली रुंदच्या रुंद वाळू. फक्त संकष्टी चतुर्थीला गणपतीपुळ्यात जाऊ नका, आणि मंगळवारची अंगारकी असेल तर मुळीच नाही, इतकी गर्दी की म्हाताऱ्या माणसाला दर्शनाच्या रांगेतच थकवा येते. पंचमी धरा.

ओहोटीवर मी इतका जोर देतोय त्याचं खरं कारण गुडघे. कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतते, प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागते, पन्नास पावलात माणूस खाली बसते. तेच पाणी नुकतंच सरकलेल्या ओल्या वाळूवर चाला, ती खळ्यासारखी टणक असते, काठी टेकली तरी रुतत नाही. आमच्या मोठ्याईनं, जी घरून मंदिरापर्यंत जायला ऑटो मागते, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर चप्पल हातात घेऊन एवढा मोठा फेरा मारला की आम्हीच मागं राहिलो. "हे तं वावरापेक्षा सोपं हाये रे," म्हणे. वाळूवर बारक्या खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी असते, ती पाहत पाहत वाकून चालत होती, तिला परत बोलवायला दोनदा पोराला धाडावं लागलं.

गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, आणि डोंगरालाच गणपती मानतात म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही तर पूर्ण टेकडीला घालायची. बांधलेली वाट आहे, साधारण एक किलोमीटर, एका हाताला टेकडीची झाडी आणि काही भागात दुसऱ्या हाताला समुद्र. ज्यांनी आयुष्यभर देवाला प्रदक्षिणा घातल्या त्यांना हे चालणं म्हणून सांगावंच लागत नाही, ते आपोआप चालतात. सकाळी लवकर करा, दगड तापायच्या आधी, कारण तिथं पायात चप्पल नसते. जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे, वडील वाचणारे असतील तर दाखवा.

कड्याचा भाग म्हणजे आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायचे दोन रस्ते, एक महामार्गानं निवळीवरून आणि दुसरा समुद्राच्या काठानं, तुम्ही काठाचाच घ्या. आरे आणि वारे हे दोन किनारे एकमेकाला लागून, मधी डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, आणि रस्ता त्या सोंडेवर चढतो. वर गाडी थांबवायची, मंडळींना उतरवायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं की खाली किनाऱ्याजवळ जाऊन थांब, मग उताराउतारानं डांबरी रस्त्याच्या कडेनं आरामात चालत यायचं. चढ नाही, पायऱ्या नाहीत, खाली सगळा निळा समुद्र आणि वाळूचा पट्टा दिसत राहते. वळणं आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या जोरात येतात, म्हणून मधल्या वारी आणि सकाळीच. दम लागला तर जिथं असाल तिथं कडेला बसा, तिथंही समुद्र समोरच आहे.

एक गोष्ट मात्र वडिलांना आधीच सांगून ठेवा. तिथल्या कड्यावर दिसतो तो लाल, भोकं भोकं असलेला दगड म्हणजे जांभा. आपल्या काळ्या पत्थराचाच तो नातेवाईक, आपल्याकडं तो पत्थर झिजून काळी कापसाची माती झाली आणि तिकडं हजारो मिलिमीटर पावसानं धुवून धुवून मुख्यतः लोखंडाचा लाल अंश राहिला. वडील शेतकरी असतील तर त्यांना समुद्राइतकंच हे आवडेल, हातात घेऊन पाहतील. पण हा दगड वरून टणक आणि खालून लाटांनी पोखरलेला असू शकतो, वर उभं राहिल्यावर खालची पोकळी दिसत नाही. कड्याच्या टोकापासून चार-पाच हात मागं राहायचं, फोटोसाठी सुद्धा पुढं नाही. खाली खडकावर उतरणार असाल तर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, अनवाणी जाऊ नका आणि शेवाळ दिसलं की तिथून मागं फिरा.

पोहण्याचं म्हणाल तर पुळ्याला आणि आरे-वारेला पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही. विहिरीत सूर मारणारी आपली पोरं असतात, त्यांनाच जास्त सांगावं लागते. इथं माणसं बुडून गेलेली आहेत, काठावरच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. किनारा उतरता आहे आणि परत जाणारं पाणी पायाखालची वाळू घेऊन जाते.

कोणी तुम्हाला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सुचवेल, रायगड जिल्ह्यात. खूपच सुंदर आहे, डोंगराच्या कपारीतून पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेल्या खडकांवरून समुद्राच्या अगदी कडेनं वाट जाते, पण ती फक्त ओहोटीतच होते आणि खडक ओले असतात. घरची तरणी माणसं जा, सत्तरीच्या माणसांना नेऊ नका.

कधी जायचं तर शेतीच्या हिशेबानं तूर निघाली की, म्हणजे फेब्रुवारी. दिवाळीनंतरही चालते पण तेव्हा कापसाची वेचणी सुरू असते, घर कोण सोडते. पावसाळ्यात नाहीच. नागपूर-मडगाव गाडी वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून कोकण रेल्वेनं रत्नागिरीला जाते, रोज नसते, त्यामुळं तिथी आणि गाडीचा वार दोन्ही जुळवून तिकीट काढा आणि खालचे बर्थ मागा. पोचल्याच्या दिवशी काहीच ठेवू नका, नुसता आराम. आपल्याला 45 डिग्रीची सवय आहे म्हणून तिथला 32 आपल्याला काहीच वाटत नाही, पण हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि म्हातारं माणूस गपकन गळते. दुपट्टा, पाणी, मीठ-साखर जवळ असू द्या. जेवण चांगलं मिळते, उकडीचे मोदक, सोलकढी, पण तिखट नसते, ठेचा घरून न्या.

फेब्रुवारीतल्या तारखा काढून ठेवा आणि इथंच खाली कमेंटमध्ये टाका, त्या दिवसाची ओहोटी किती वाजता येते ते मी पाहून सांगतो.