शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला जिवाणूंचा रोग झाला तर अँटिबायोटिकऐवजी लसूण, हळद, कडुनिंब चालतात का?

तुमचं निफाडकडचं प्लास्टिक कागदाचं शेततळं, त्यात रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). अंगावर लाल चट्टे, काहींचं पोट फुगलंय, रोज सकाळी थोडे मासे मेलेले तरंगतात. दुकानदार ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक खाद्यातून द्या म्हणतो, ते तुम्हाला नको आहे, म्हणून झाडपाल्याचा उपाय विचारताय. मी मत्स्यशास्त्र शिकलोय आणि आपल्याच जिल्ह्यातल्या शेततळ्यांवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वनस्पती उपयोगी पडतात, पण रोग यायच्या आधी. लागण झालेला मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो आणि लसूण असो की हळद, द्यायची ती खाद्यातूनच. म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्या पोटात काहीच जात नाही. ही अडचण अँटिबायोटिकलाही तशीच लागू आहे. तुमच्या तळ्यात आज जे मासे काठाला सुस्त पडलेत, त्यांना कुठलंच खाद्य वाचवणार नाही. जे अजून खाद्यावर येतायत त्यांच्यासाठी मात्र बरंच करता येईल.

त्याआधी हा रोग जिवाणूंचाच आहे का, ते बघा. लाल चट्टे, उभे राहिलेले खवले, फुगलेलं पोट, बाहेर आलेले डोळे असतील तर संशय एरोमोनास हायड्रोफिलावर जातो. हा जिवाणू गोड्या पाण्यात बाराही महिने असतो. मासा थकला, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, तळाला कुजकं खाद्य साचलं की तो उचल खातो. पण एक मासा हातात घेऊन पराच्या बुडाशी आणि पोटाखाली नीट बघा. पाच-सहा मिलिमीटरच्या, चपट्या, जवळजवळ पारदर्शक आणि सरकणाऱ्या टिकल्या दिसल्या तर त्या माशांच्या उवा, म्हणजे आर्ग्युलस. त्या रक्त पितात, जखम करतात आणि जखमेतून जिवाणू आत शिरतो. तिथे उवांचा बंदोबस्त आधी, लसणाने त्या जात नाहीत. हिवाळ्यात खोल व्रण पडत असतील तर ईयूएस, म्हणजे माशांचा साथीचा व्रणरोग, असू शकतो. तो बुरशीसारख्या जिवामुळे होतो, भारतात 1988 मध्ये आला, आणि त्याच्या मुळावर अँटिबायोटिक चालत नाही. त्यासाठी भुवनेश्वरच्या सीफा या केंद्रीय संस्थेने सिफॅक्स नावाचं औषध तयार केलेलं आहे.

द्राक्षपट्ट्यात तिसरी शक्यताही तपासावी लागते. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर बुरशीनाशकं फवारली जातात. तळं बागेला लागून असेल, वारा तळ्याकडे असेल किंवा फवारणीचा पंप काठावर धुतला असेल, तर तांबं थेट पाण्यात उतरतं. पाणी मऊ असेल तर थोडंसं तांबंही माशाच्या कल्ल्यांना झेपत नाही. असे मासे एकाच दिवसात मोठ्या संख्येने मरतात, जिवाणूंच्या रोगात मर हळूहळू चढत जाते. मर कुठल्या दिवशी सुरू झाली आणि त्याच्या आधी फवारणी कधी झाली होती, हे एकदा आठवून बघा.

आता लसूण. भारतीय माशांवर ज्या वनस्पतींचा चांगला अभ्यास झालाय त्यात तो वरच्या रांगेत आहे. रोहूच्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, 60 दिवस लसूण मिसळलेलं खाद्य देऊन नंतर मुद्दाम एरोमोनास टोचण्याचे प्रयोग झाले. प्रमाण खाद्याच्या 0.1 ते 1 टक्का होतं. लसूण खाल्लेल्या माशांची प्रतिकारशक्ती वाढली आणि साध्या खाद्यावरच्या माशांपेक्षा जास्त मासे जगले. हे काम मुख्यतः लसणातल्या ऍलिसिन या द्रव्याचं. ऍलिसिन जिवाणूच्या एन्झाइमांना निकामी करतं, पण अख्ख्या पाकळीत ते नसतंच. पाकळी ठेचली की आतला एक एन्झाइम ते तयार करतो. लसूण आधी उकळला किंवा भाजला तर तो एन्झाइमच मरतो, मग खाद्याला नुसता वास येतो, उपयोग काही होत नाही.

म्हणून मी असं करायला सांगतो. 10 किलो खाद्याला 100 ग्रॅम सोललेला कच्चा लसूण. तो ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. तोवर तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून पूर्ण गार करायची. गार झाल्यावरच त्यात लसूण कालवायचा आणि ते खाद्याच्या गोळ्यांवर हाताने चोळायचं. सावलीत पसरून वरचा ओलावा जाऊ द्यायचा, उन्हात वाळवायचं नाही. वरून थोडं खाद्यतेल चोळलं की लसूण पाण्यात लगेच सुटत नाही. त्या दिवसाचं त्याच दिवशी संपवा. प्रमाण वाढवून फायदा वाढेल असं समजू नका, फार उग्र झालं की मासे तोंड फिरवतात. हळद घालायची असेल तर तेलात कालवून घाला. हळदीतला मुख्य घटक करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

आघाड्याचं नाव या यादीत असेल असं बहुतेकांना वाटत नाही. गणपतीच्या पत्रीत असतो तोच, बांधावर उगवणारा. त्याच्या बियांची पूड 1 टक्क्याच्या आत खाद्यात मिसळून रोहू-कटल्यावर प्रयोग झालेत आणि प्रतिकारशक्ती वाढल्याचं दिसलंय. तिलापिया या माशात गुळवेल, तुळस आणि पेरूच्या पानांवर काम झालंय. हे सगळे प्रयोग टाकीत, मोजक्या माशांवर झालेले आहेत. शेततळ्यात पाणी, थंडी, गर्दी सगळं बदलतं, आणि एका बांधावरच्या आघाड्यात जेवढा अर्क तेवढाच दुसऱ्या बांधावरच्यात असेल असं नाही. मला स्वतःला लसणावर जास्त भरवसा आहे, कारण तो वर्षभर मिळतो आणि त्याचं प्रमाण सांभाळता येतं.

कडुनिंबाबद्दल मात्र कळकळीने सांगतो: पाला वाटून किंवा निंबोळी अर्क तळ्यात ओतू नका. थोड्या मात्रेत काही होत नाही म्हणून लोक पुढच्या वेळी जास्त टाकतात, आणि तो अर्क एका पातळीनंतर माशांनाच विषारी ठरतो. झाडपाला आहे म्हणजे निर्धोक, हा समज आपल्या भागात तरी टिकायला नको. पेठ-सुरगाण्याकडे गेळफळ हे रानफळ ठेचून डोहात टाकून मासे गुंगवतात. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला मोहाचीच पेंड वापरतात, हेक्टरी दोन-अडीच हजार किलो, कारण तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तपेशी फोडतं. वनस्पतीची पूड पाण्यात टाकणं आणि ती मोजून खाद्यात देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अँटिबायोटिकला तुमचा विरोध मला पटतो, आणि तुम्ही द्राक्षवाले असाल तर कारण समजावायची गरजच नाही. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि नाशिकच्या निर्यातीचं काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. माशातही तसंच आहे. माशात राहणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या अंशाची मर्यादा किलोला 0.1 मिलिग्रॅम आहे, तर क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांवर बंदीच आहे. शिवाय एरोमोनासवर ऍम्पिसिलिन हे अँटिबायोटिक सहसा चालतच नाही. तपासणीशिवाय औषध दिलं की मासे तर मरतातच, मागे राहतो तो औषधाला सरावलेला जिवाणू. आणि शेततळ्याचं पाणी तिथेच थांबत नाही, ते ठिबकमधून बागेत जातं. तरीही नमुना तपासून, कुठलं औषध लागू पडतं ते बघून पशुवैद्यकाने लिहून दिलं, तर नकार देऊ नका. पूर्ण दिवस द्या आणि ते सांगतील तेवढा काळ मासे विक्रीला काढू नका.

आत्ता काय करायचं? खाद्य निम्म्यावर आणा. पहाटे चार-पाचला तळ्यावर जाऊन मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत का बघा. करत असतील तर एरेटर किंवा निदान पंपाने पाणी वरून पाडणं रात्रभर चालू ठेवा. तळाचा गाळ आणि कुजकं खाद्य पंपाने ओढून काढा. एक चतुर्थांश पाणी बदलता आलं तर उत्तम. मेलेले मासे चुना टाकून पुरा, पाटात फेकू नका. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला, एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरतो. जे मासे खातायत त्यांना लसणाचं खाद्य चार आठवडे द्या. पुढच्या वर्षी हेच खाद्य ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू करा, निफाडची थंडी पडायच्या आधी. पाणी फार गार झालं की रोहू-कटला खातच नाहीत, मग लसूण द्यायला वेळच उरत नाही.

नमुना द्यायचा तर मेलेला मासा नेऊ नका, मेल्यावर आतड्यातले जिवाणू सगळीकडे पसरतात आणि तपासणीला अर्थ राहत नाही. लक्षणं दिसणारे पण जिवंत असे चार-पाच मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, पाण्यासकट, वेगळ्या बाटलीत तळ्याचं पाणी घेऊन जा. आधी नाशिकला मत्स्यव्यवसायाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. तिथे सोय झाली नाही तर मुंबईला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. निघण्याआधी फोन करा आणि मर सुरू झाल्याची तारीख, माशांची संख्या, खाद्य आणि बागेतल्या फवारण्या एका कागदावर लिहून सोबत ठेवा.