कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर खरंच लागू पडतं, की नुसतं मनाचं समाधान?

तुम्ही विचारलंय की जुनाट कंबरदुखीवर अंगात बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर करून बघावं का, किती बैठका लागतात, आणि सोबत मॉक्सा, कपिंग हे त्याच्या जोडीचे उपचारही घ्यावेत का. प्रश्नातलं ‘मनाचं समाधान’ वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हेच शब्द मी सख्ख्या भावाच्या तोंडून गेली नऊ वर्षं ऐकतेय.

मी सोलापूरची. शिवणकाम करते, लग्नसराईत दहा-दहा तास मशीनवर असते. कंबर धरली ती अशी की सकाळी कूस बदलून, पलंगाच्या कडेला हात टेकून उठायला लागायचं. फरशीवर बसून कापड बेतणं तर बंदच झालं. एमआरआय काढला, ऑपरेशन करण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या, मलम, पट्टा, शेक, व्यायाम सगळं केलं. गोळ्यांनी पित्त खवळायचं, व्यायामाने थोडं बरं वाटायचं आणि हंगाम आला की पुन्हा तेच.

एका गिऱ्हाईक बाईंनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं. दादाला विचारलं नाही. दादा डॉक्टर आहे, उत्तर माहीत होतं.

पहिल्या दिवशी पालथं झोपवलं. सुई बारीक असते, माझ्या मशीनच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. प्लास्टिकच्या नळीतून टिचकी मारून आत घालतात, तेव्हा जवळजवळ काहीच कळत नाही. कळतं ते नंतर. गुडघ्याच्या मागच्या खळगीत एक सुई होती. सुया देणाऱ्या बाईंनी ती दोन बोटांत धरून हलकेच फिरवली आणि पोटरीत एकदम जडपणा उतरला, आतून कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसा. चिनी लोक याला ‘दे-ची’ म्हणतात. ते आल्याशिवाय सुई बसली असं धरत नाहीत. अर्धा तास तशी पडून होते. उठले तेव्हा दुखत होतंच. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही दुखत होतं. पाचव्या बैठकीनंतर एका सकाळी चहा ठेवून झाल्यावर लक्षात आलं की आज मी हात न टेकता उठले. अशा दहा बैठका झाल्या, आठवड्याला दोन.

पुढे भाचीच्या साखरपुड्यात हे दादाच्या कानावर गेलं. पंगतीत, सगळ्या पाव्हण्यांदेखत तो म्हणाला, “सुया टोचून घेतेस त्यापेक्षा अंगारा लाव, तो फुकट मिळतो.” लोक हसले. माझ्या कमाईचे पैसे, माझी कंबर, आणि तिचं दुखणं थांबलं की नाही हे ठरवणार तो!

त्याने नंतर मला एक जर्मन चाचणी दाखवली, 2007 साली प्रसिद्ध झालेली. आठ-आठ वर्षांच्या कंबरदुखीची 1162 माणसं, त्यांचे तीन गट केले. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. दादाचं म्हणणं, बघ, खऱ्या सुयांनी 47.6 टक्के लोकांना फरक पडला आणि खोट्यांनी 44.2 टक्के, म्हणजे थोतांडच. मी म्हटलं, तिसरा आकडा वाच की. नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के. तो आकडा त्याने आजतागायत मोठ्याने वाचलेला नाही.

नेमका बिंदू, मेरिडियन म्हणजे अंगातल्या वाटा, त्यातून वाहणारी ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती, ही मांडणी मलाही पटत नाही. या चाचणीनंतर ती पटावी असं काही उरत नाही. पण सुया टोचल्यावर जास्त माणसांना आराम पडला हे तर त्याच कागदावर आहे. दादा म्हणतो, तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळत नाहीयेत हे ठाऊक होतं, म्हणून ते नाराज होते. असतील. कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, हेही तो ऐकवतो. त्याच संस्थेने 2021 मध्ये दुसऱ्या कारणावाचून टिकून राहिलेल्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करा असं लिहिलंय, ते मी ऐकवते.

आणि सोलापूरची म्हटल्यावर लोक लगेच म्हणतात, हे तर तुमच्या डॉ. कोटणीसांनी आणलं. नाही हो. द्वारकानाथ कोटणीस शल्यविशारद होते, 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजोय कुमार बसूंनी, कोटणीसांच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी.

मॉक्सा मी दोनदा घेतला. ती दवण्याच्या कुळातल्या पाल्याची पेटती कांडी असते, कातडीपासून थोडी वर धरतात. ऊब छान लागते, धूर उग्र. गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा वेगळं मला काही जाणवलं नाही. कपिंग म्हणजे आपली तुंबडीच. वैदू लावायचे, माझ्या आजीच्या पाठीवर लावलेली मी पाहिलीय. पाठीवर काळेनिळे गोल उठतात, आठवडाभर राहतात. पैसे वाचवा.

बैठकांचं म्हणाल तर पाच-सहा झाल्यावरही ढिम्म फरक नसेल तर सोडून द्या. कुणी पन्नास बैठकांचे पैसे आगाऊ मागत असेल तर पायरीसुद्धा चढू नका.

हे आधीच लिहायला हवं होतं: पायात बधिरपणा, ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर सुया नंतर, आधी डॉक्टर, त्याच दिवशी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर तसं आधी सांगा. छाती-पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकलेला माणूसच हवा. आपल्या राज्यात त्यासाठी 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी विचारा. माझ्या एका शेजारणीला दुसरीकडच्या एका सुईवाल्याने बीपीची गोळी बंद करायला सांगितली होती. तिथे दादा रागावला ते बरोबरच होतं आणि मी त्याच्याच बाजूने बोलले. गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, अगदी माझ्या बाईंच्यासुद्धा.

आणि पहिल्या दिवशी सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. माझ्या बाई दर वेळी न सांगता फोडायच्या.