शंका-समाधान : व्हिक्टोरियन काळातल्या रीतीभाती

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या कादंबरीत नायिका दुपारी साडेतीनला ‘मॉर्निंग कॉल’साठी, म्हणजे ‘सकाळच्या भेटी’साठी, निघते. भाषांतरकाराची चूक का? आणि कोणी भेटलंही नाही, तरी ती नावाची तीन कार्डं ठेवून परत का येते?

उत्तर : चूक नाही. त्या काळच्या उच्चभ्रू वर्गात रात्रीच्या जेवणाआधीचा सगळा दिवस म्हणजे ‘मॉर्निंग’. औपचारिक भेटी साधारण तीन ते सहाच्या दरम्यान होत, आणि खरोखर सकाळी कोणाच्या दारात उभं राहणं म्हणजे एक तर फार जवळीक, नाही तर अडाणीपणा.

तीन कार्डांचा हिशोब असा : एक बाईचं स्वतःचं, घरच्या मालकिणीसाठी. दोन नवऱ्याची, एक मालकिणीला आणि एक मालकाला. बाईचं कार्ड मालकाला नाही, कारण बाईने पुरुषाला भेटायला जाणं रीतीत बसत नसे. नवरे मंडळींना या फेऱ्यांचा कंटाळा, त्यामुळे त्यांची कार्डं वाटायचं काम बायकोच करी. मालकीणबाई घरी असल्या आणि भेट झाली, तर स्वतःचं कार्ड द्यायचं नाही. प्रत्यक्ष भेटल्यावर ते कशाला? नवऱ्याची दोन मात्र निघताना दिवाणखान्यात नव्हे, बाहेर हॉलमधल्या टेबलावर ठेवायची. यजमानिणीच्या हातात कार्ड देणारी बाई नवखी म्हणून लगेच ओळखू येई.

कार्ड पांढरं, साधं, तांब्याच्या पट्टीवर नाव कोरून छापलेलं. पुरुषांचं लहान, म्हणजे सुमारे तीन इंच लांब आणि दीड इंच रुंद, खिशात मावेल असं. बायकांचं त्याहून मोठं. स्वतः येऊन कार्ड दिलं, नोकराकरवी पाठवलं नाही, हे कळावं म्हणून बराच काळ त्याचा कोपरा दुमडत. गाव सोडताना ‘पी. पी. सी.’ ही निरोपाची फ्रेंच आद्याक्षरं कोपऱ्यात लिहीत.

भेट पंधरा ते वीस मिनिटांची. बाईने बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) आणि शाल काढायची नाही. पुरुषाने छत्री हॉलमध्ये ठेवायची, पण हॅट आणि काठी हातात घेऊनच आत जायचं. हॅट बाहेर टांगली की ‘मी आता बराच वेळ बसणार’ असा अर्थ होई. मध्येच दुसरे पाहुणे आले तर ताडकन उठायचं नाही, त्यांना पाहून पळाल्यासारखं दिसतं. दोन-चार मिनिटं थांबून निघायचं.

नोकराने ‘नॉट ॲट होम’ म्हटलं आणि वरच्या खिडकीचा पडदा हलला, तरी राग धरायचा नाही. त्याचा अर्थ ‘आज भेटत नाही’ इतकाच. खरा निरोप पुढच्या आठवडाभरात कळे. कार्डाला कार्ड आलं तर ओळख तेवढ्यावरच ठेवायची, भेटीला भेट आली तर वाढवायची. काहीच आलं नाही, तर समजून घ्यायचं आणि पुन्हा जायचं नाही. तोंडावर ‘नको’ म्हणायची वेळ कोणावरच येऊ नये, यासाठी ही सगळी यातायात. आम्हाला तरी यात ढोंगापेक्षा सोय जास्त दिसते.

प्रश्न : रस्त्यात ओळखीची बाई दिसली, तर पुरुषाने आधी हॅट उचलायची ना?

उत्तर : इंग्लंडात नाही. आधी बाई किंचित मान झुकवी, मग पुरुष हॅट उचले, तीही तिच्यापासून लांबच्या हाताने. युरोप खंडावर पुरुष आधी, इंग्लंडात बाई आधी. कारण बॉलरूममधली ओळख नाचापुरतीच धरत, ती पुढे चालू ठेवायची की नाही हे बाईने ठरवायचं. बोलायचं असेल तर तिला रस्त्यात थांबवून ठेवायचं नाही. वळून तिच्या दिशेने सोबत चालायचं. नजरेला नजर भिडूनही ओळख न देणं म्हणजे ‘कट’. हे शेवटचं हत्यार.

प्रश्न : आमच्या नाटकात त्या काळातल्या मेजवानीचा प्रवेश आहे. जेवणघरात कोण कोणाबरोबर जातं?

उत्तर : यजमान सर्वांत मानाच्या बाईला हात देऊन सर्वांत आधी, यजमानीण सर्वांत मानाच्या पुरुषाबरोबर सर्वांत शेवटी. नाटकात बहुधा दोघं एकत्र पुढे चालताना दाखवतात, ते चूक. नवरा-बायकोची जोडी लावायची नाही. कोणी कोणाला न्यायचं हे यजमान दिवाणखान्यातच पुरुषांना हळूच सांगे. हातमोजे टेबलाशी बसल्यावर काढायचे.

आधी नाटकाचं साल ठरवा. 1840 च्या सुमाराचं असेल तर पदार्थ टेबलावर मांडलेले आणि यजमान स्वतः मांस कापतोय असं दाखवा. 1880 चं असेल तर टेबलावर फुलं-फळं, आणि नोकर एकेक पदार्थ फिरवताहेत. शेवटी यजमानीण मानाच्या बाईकडे नजर टाकते, सगळ्या बायका उठतात, दाराजवळचा पुरुष दार उघडून धरतो. पुरुष मागे राहतात आणि पोर्ट वाइनची बाटली डावीकडे सरकत जाते.

प्रश्न : विधवेने काळे कपडे किती दिवस घालायचे?

उत्तर : सुमारे दोन ते अडीच वर्षं. पहिलं वर्ष आणि वर एक दिवस ‘क्रेप’ या निस्तेज, सुरकुतलेल्या काळ्या कापडाचं. पावसात ते आक्रसे आणि त्याचा रंग अंगाला लागे. मग क्रेप कमी होत जाई आणि शेवटी करडा, जांभळट रंग चाले. पत्राच्या कागदाची काळी किनारही तशीच बारीक होत जाई. विधुराला मात्र काळा सूट आणि हॅटला काळी पट्टी एवढं पुरे. राणी व्हिक्टोरियाचं माप कोणाला लावू नका : नवरा 1861 च्या डिसेंबरात गेला, आणि 1901 मध्ये मरेपर्यंत तिने काळं सोडलं नाही.