एआय वर्गात आणताय? आधी एवढंच करा

मॅडम, घाबरू नका, आणि एकदम सात ॲप पण डाउनलोड करू नका, नवीन असताना सगळे हेच करतात. महिनाभर एआयला एकच काम द्या, वर्कशीट म्हणा नाहीतर शब्दकोडं, तेपण घरी बसून. वर्गात लाईव्ह नको, लाईट गेली की स्मार्ट टीव्ही म्हणजे नुसता काळा फळा.

वाचल्याशिवाय काही छापायचं नाही. मी आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर प्रश्न मागितले तर त्याने फाशीचं साल टाकलं १९४२, आणि मी तसंच झेरॉक्सला दिलं! पाचवीतली पोरगी उभी राहिली, "सर, १९३१ ना? आजोबांनी सांगितलंय." काय बोलणार.

नुसतं 'अपूर्णांकावर प्रश्न दे' लिहू नका. 'पाचवी, मराठी माध्यम, काही मुलं घरी तेलुगू बोलतात, सोपी वाक्यं, शेंगाचटणीच्या पुड्या घेऊन पाच उदाहरणं' असं लिहा, फरक लगेच दिसतो.

अजून दोन:
- मुलांची नावं, मार्क, फोटो त्यात टाकायचे नाहीत
- उत्तर आधी मुलांनी वहीत लिहायचं, मग स्क्रीन

आणि डिसले गुरुजींचं बघून दडपण घेऊ नका हो. त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं २०२० ला, चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे ते बक्षीस चॅटजीपीटीशिवायच मिळालं. परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले होते.

बाकीचं दिवाळीनंतर बघू, आधी एक वर्कशीट करून पाठवा.