अमेरिकेच्या दक्षिणेत न्याहारीला मिळतात तशी मऊ, फुगलेली बिस्किटं पुण्यात घरी कशी करता येतील?

नक्की होतात, आणि मैदा, लोणी, दही, दूध, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ यापलीकडे काही लागत नाही. अंडंही नाही. तुम्ही लिहिलंय की लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात असताना तीन बोटं उंच, हाताने उघडली की पदर सुटणारी गरम बिस्किटं खाल्लीत. पुण्याला आल्यावर पातळ तूप घालून, पीठ दहा मिनिटं छान मळून, अर्धा तास झाकून ठेवून, ओटीजीत १८० अंशांवर भाजलीत, तर ती चपटी आणि टणक झाली. पोळीला किंवा नानकटाईला यातली एकेक गोष्ट चालते. या बिस्किटांना मात्र चारही बाधतात. म्हणून कृतीच्या आधी त्या का बाधतात ते सांगते. ते कळलं की माप थोडं इकडेतिकडे झालं तरी बिस्किट बिघडत नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनात बरीच वर्षं राहते आणि हे शिकले ते शेजारच्या आजींचे हात बघून. त्या काहीच मोजत नाहीत. त्यांच्याकडे एक मोठा पसरट लाकडी वाडगा आहे, त्यात मैदा कायम भरलेला असतो. मधोमध खळगा करून त्यात चरबी आणि ताक घालतात, बोटांनी कडेचा लागेल तेवढाच मैदा आत ओढतात, आणि गोळा जमल्याबरोबर हात थांबवतात. उरलेला मैदा चाळून पुन्हा वापरायला तसाच ठेवतात. आपल्याला कणीक तिंबायची सवय असते, परात स्वच्छ निघेपर्यंत हात थांबत नाहीत. इथे नेमकं तेच करायचं नाही. मैद्याला पाणी लागलं आणि वर मळणं झालं की त्यात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांची, जाळी तयार होते. पोळी लाटताना फाटत नाही ती तिच्यामुळेच, पण बिस्किटात तीच जाळी वर उचलू पाहणारी वाफ दाबून धरते आणि बिस्किट वातड होतं.

मैद्याचाही यात मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मऊ लाल हिवाळी गहू पिकतो, त्यात प्रथिनं कमी असतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावात १८८३ साली सुरू झालेलं व्हाइट लिली हे पीठ त्याच गव्हाचं, आणि इथल्या कितीतरी बायका दुसऱ्या पिठाला हात लावत नाहीत. उत्तरेकडच्या कडक गव्हाचा पाव उत्तम होतो, बिस्किट तितकं होत नाही. तुमच्या मैद्याच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे प्रथिनं किती लिहिली आहेत ते पाहा. १० ग्रॅमच्या वर असतील तर दर कपातून दोन टेबलस्पून मैदा काढा आणि तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला. पांढरं, सूपमध्ये घालतो ते. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. मग दोनदा चाळा.

आता तूप. तुपात पाणी नसतंच, लोणी कढवताना ते उडून गेलेलं असतं. अमूलसारख्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. बिस्किट फुगवण्यात त्या पाण्याचा मोठा हात आहे. लोण्याचे थंड, घट्ट तुकडे पिठात तसेच राहिले आणि तापलेल्या ओव्हनमध्ये गेले की वितळता वितळता त्यातल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ वरचा पदर उचलते आणि लोणी होतं तिथे पोकळी राहते. पातळ तूप मैद्याच्या कणाकणाला आधीच माखून टाकतं, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते, पण तिला पदर सुटत नाहीत. इथे पूर्वी डुकराची चरबी सर्रास वापरत, अजूनही काही घरांत वापरतात. ती मऊपणा छान देते, पण मला चवीला लोणीच आवडतं. घरचं सायीचं लोणी असेल तर फारच उत्तम. ते नीट धुऊन, पाणी दाबून काढून, रात्रभर फ्रिजमध्ये दगडासारखं घट्ट करा. आपण विरजण लावून घुसळलेल्या लोण्याला जो हलका आंबूस वास असतो, तो या बिस्किटांत फार खुलतो.

ताकाचंही तसंच आहे. इथल्या शेतकरी घरांत लोणी काढल्यावर उरायचं ते ताक बिस्किटांत जायचं, म्हणजे घुसळण झाली की दोन्ही वस्तू हाताशी असायच्या. आज इथल्या दुकानात मिळणारं ताक विरजून दाट केलेलं असतं. आपलं ताक पाणी घालून पातळ केलेलं असल्यामुळे ते तसंच घेऊ नका. अर्धा कप आंबटसर दही आणि पाव कप थंड दूध घुसळून घ्या, बरोबर तसा दाटपणा येतो.

बेकिंग पावडर यायच्या आधी दक्षिणेत बिस्किटं फुगवायचा एक जुना मार्ग होता, तो म्हणजे बडवणं. घट्ट पीठ ओंडक्यावर ठेवून लाकडी हातोड्याने अर्धा-अर्धा तास बडवायचे, त्यावर फोड येईपर्यंत. मोठ्या वाड्यांवर हे काम गुलाम केलेल्या काळ्या बायकांच्या माथी असे. ते बिस्किट पाहुण्यांच्या ताटात जाई, आणि हात मात्र त्यांचे भरून येत. दक्षिणेच्या न्याहारीचं कौतुक ऐकताना हे मला नेहमी आठवतं, कारण ही चव त्या बायकांनी घडवली आहे. पुढे सोडा आला. मग १८५६ साली हार्वर्डमधले रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं आणि सोड्याबरोबर त्याची कोरडी पूड डब्यात मिळू लागली. अर्ध्या तासाचं बडवणं चमच्यावर आलं.

पण म्हणून बेकिंग पावडर वाढवली की बिस्किट जास्त फुगतं असं नाही. जास्त झाली की बिस्किट आधी फुगतं, मग बसतं आणि जिभेवर कडवट चव राहते. ज्या पावडरीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो तिची धातूसारखी चव तर लगेच कळते. व्हर्जिनियातल्या एडना लुईस या नामवंत स्वयंपाकीण त्या चवीमुळेच आपली पावडर घरी करत, दोन भाग क्रीम ऑफ टार्टार (ही एक आंबट पांढरी पूड) आणि एक भाग सोडा. हे तुम्हालाही करता येईल, फक्त अशी पावडर ओली झाल्याबरोबर काम सुरू करते, तेव्हा रेंगाळायचं नाही. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली तरच वापरा. इनो मात्र नको. त्यातला सोडा आणि सायट्रिक आम्ल पाणी लागताक्षणी भिडतात, आणि तुम्ही पीठ थापेपर्यंत त्यातला बराच वायू निघून गेलेला असतो.

माप असं घ्या. मैदा २ कप, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम. बेकिंग पावडर ३ सपाट चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, साखर एक चमचा, नसली तरी चालेल. मीठ अर्धा चमचा, पण लोणी खारं असेल तर चिमूटभरच. लोणी १०० ग्रॅम. आणि वर सांगितलेलं दही-दूध पाऊण कप, १८० मिली. या मापात साधारण आठ बिस्किटं होतात.

सगळ्यात आधी ओव्हन लावा, २२० ते २३० अंशांवर, वरखालच्या दोन्ही कॉइल चालू ठेवून, निदान पंधरा-वीस मिनिटं. कोरडं साहित्य एकत्र चाळा. लोण्याची वडी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून किसणीच्या मोठ्या भोकांनी थेट मैद्यात किसा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बोटांच्या उष्णतेनेही लोणी पाझरतं, म्हणून किसणंच सोयीचं; शक्य असेल तर मैदा घातलेली परातही दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कीस काट्याने मैद्यात मोकळा करा. काही तुकडे तांदळाएवढे, काही हरभऱ्याच्या डाळीएवढे दिसले पाहिजेत. मैदा सगळीकडे रवाळ आणि एकसारखा झाला असेल तर लोणी जास्त चोळलं गेलंय असं समजा.

थंड दही-दूध एकदम ओता आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवा. पीठ भगराळ, ओबडधोबड, खाली थोडा सुका मैदा राहिलेलं असं दिसेल. ते तसंच हवं. हात गोळा करायला शिवशिवतील, करू देऊ नका. अगदीच जमत नसेल तर चमचाभर दूध शिंपडा. ओट्यावर मैदा भुरभुरवून त्यावर पीठ काढा, तळव्याने दाबून बोटभर जाड चौकोन करा आणि घडीच्या पोळीला घालतो तशी घडी घाला. फरक इतकाच की इथे मध्ये तेल लावायचं नाही, लोण्याचे तुकडे ते काम करतात. फिरवून पुन्हा थापा, पुन्हा घडी. असं तीनदा, चारदा. दुसऱ्या घडीला पीठ भुसभुशीतच वाटतं, तिसऱ्या घडीला ते अचानक एकसंध होतं आणि कडेला पिवळ्या लोण्याच्या रेषा दिसायला लागतात. तिथे थांबा. शेवटी एक इंच जाडीचं थापा. यापेक्षा पातळ थापलं तर कितीही केलं तरी बिस्किट उंच होणार नाही. लाटणं नकोच.

कापताना वाटी वापरू नका. वाटीची कड गोलसर असते, ती पदर कापत नाही, दाबून चिकटवते. करंजीचं कातणही त्याच कारणाने बाद. धारदार सुरी मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि चौकोन पाडा. ओढू नका, फिरवू नका. चौकोनांमुळे पीठ वायाही जात नाही, पुन्हा गोळा करून थापलेली बिस्किटं नेहमीच थोडी चिवट होतात. ट्रेमध्ये ती एकमेकांना चिकटून ठेवा. बाजूला पसरायला जागा नसली की ती वरच चढतात आणि कडा मऊ राहतात. कडा कुरकुरीत आवडत असतील तर अंतर ठेवा, उंची थोडी कमी येईल. वरून दुधाचा हात फिरवा आणि लगेच ओव्हनमध्ये, मधल्या खणात. झाकून मुरवत ठेवू नका, तेवढ्यात लोणी मऊ पडतं आणि बराच वायू निघून जातो.

१४ ते १६ मिनिटं लागतात. १८० अंशांवर लोणी आधी वितळून ट्रेमध्ये वाहतं आणि वाफ मागाहून होते. जास्त तापमानाला वाफही लवकर होते आणि उठलेले पदर तिथेच धरतात. पहिली दहा मिनिटं दार उघडू नका. वरून तांबूस रंग आला, बाजूचा पदर कोरडा दिसला की झालं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, रंग लवकर आला तर शेवटची तीन-चार मिनिटं वर फॉइल ठेवा. ओव्हनच नसेल तर जाड बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजता येतात. मऊ आणि चविष्ट होतात, पण चौफेर धग मिळत नाही, तेव्हा ही उंची आणि हे पदर येत नाहीत. तव्यावर करताना पाऊण इंचच जाडी ठेवा, नाहीतर मधे कच्ची राहतील.

सुरीने कापू नका, हाताने उघडा. इथे त्यात लोणी आणि मध, किंवा सॉरघमचा पाक घालतात. गोड जातीच्या ज्वारीच्या धाटांचा रस उकळून तो करतात, रंगाने आणि दाटपणाने आपल्या काकवीच्या अगदी जवळचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही गोड ज्वारीवर आणि तिच्या पाकावर काम केलं आहे. तुम्ही सरळ कोल्हापूरकडची काकवी घ्या, गरम बिस्किटावर लोणी आणि काकवी मला मधापेक्षाही आवडते. शार्लटमध्ये तुम्ही खाल्लेली बोजँगल्स या फास्टफूडच्या दुकानातली असली तर त्यात कदाचित तळलेलं चिकनही असेल. ते दुकान त्याच शहरात १९७७ साली सुरू झालं आणि बिस्किटं तिथे दुकानातच करतात.

कणकेची होतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सगळी कणकेची नाही होणार, कोंडा पदर तोडतो. पाव भाग कणीक आणि बाकी मैदा घ्या, दूध एक-दोन चमचे जास्त लागेल, चव छान खमंग येते. आणि दोघांनाच करायची असतील तर उरलेली कच्ची बिस्किटं कापून ताटात सुटी सुटी गोठवा, मग डब्यात भरा. लागतील तेव्हा न वितळवता तशीच गरम ओव्हनमध्ये घाला, फक्त चार मिनिटं जास्त द्या.