'दाबदीप्ती' म्हणावे की 'दाबाखालील दीप्ती'?

ठाण्यातल्या एका अनुवादकाचा प्रश्न: 'हाय प्रेशर ल्युमिनेसन्स'ला 'दाबदीप्ती' चालेल का? ('ल्युमिनेसन्स' म्हणजे पदार्थाने न तापता प्रकाश देणे, म्हणजेच दीप्ती.)

नको. 'दाबदीप्ती' वाचले की दाबल्यामुळेच उजेड पडतो असे वाटते. तसेही घडते, पण ते प्रकरण निराळे. अंधाराला डोळे सरावल्यावर कोरडी खडीसाखर पकडीने फोडली तर निळसर चमक दिसते. (पावसाळ्यात सर्दावलेली घेतलीत तर हिरमोड होईल.) तिला 'भंगदीप्ती' शोभेल.

तुमच्या मजकुरात पदार्थ उजळतो तो लेझरमुळे. दाब त्या प्रकाशाचा रंग, तीव्रता आणि टिकण्याचा काळ बदलतो, म्हणून 'दाबाखालील दीप्ती' हेच बरोबर. माणकाचे उदाहरण घ्या. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबताना त्याच्याशेजारी माणकाचा कण ठेवतात. त्यातल्या क्रोमियमची तांबडी रेषा (वर्णपटातली प्रकाशाची अरुंद रेघ) नेहमीच्या दाबाला सुमारे 694.2 नॅनोमीटर तरंगलांबीवर असते आणि दर गिगापास्कलला, म्हणजे जवळपास 10,000 वातावरणांना, साधारण 0.36 नॅनोमीटर पुढे, तांबड्या बाजूला, सरकते. रेषा 1.8 नॅनोमीटर सरकली तर दाब सुमारे 5 गिगापास्कल. 1972 पासून माणिक असा दाबमापक म्हणून वापरात आहे.

इथे भाषांतर दोन ठिकाणी घसरते. 'शिफ्ट'ला 'वाढ' लिहू नका. प्रकाश वाढत नाही, रेषा 'सरकते'. आणि 'दाबाने प्रकाश तांबडा होतो' असा सरसकट नियमही करू नका. क्रोमियमच्याच रुंद पट्ट्याचे उत्सर्जन दाबाखाली उलट निळ्या बाजूला जाते. शिवाय माणिक तापले तरी रेषा तांबड्याकडेच सरकते, अंशाला सुमारे 0.007 नॅनोमीटर. लेझरने कण 15 अंश तापला तर दाब 0.3 गिगापास्कल जास्त वाचला जाईल. मूळ लेखात लेझरची शक्ती कमी ठेवण्याची सूचना असेल तर ती गाळू नका. दाब सगळीकडून सारखा पोचावा म्हणून नमुन्याभोवती भरलेले मिथेनॉल-इथेनॉलचे 4:1 मिश्रण सुमारे 10 गिगापास्कलनंतर घट्ट होते, दाब सगळीकडून सारखा राहत नाही आणि रेषा 'पसरतात'. हे 'सरकणे' नव्हे.

'दबाव' मात्र टाळाच. घोडबंदरला नळाला कमी असतो तो दाब. त्यासाठी नगरसेवकावर आणतात तो दबाव.

शुद्धलेखनाचे म्हणाल तर सुटा शब्द 'दीप्ती', समासात आधी आला की ऱ्हस्व: 'दीप्तिमापन'.